नियम आपला, निष्पत्ती कोणाची?

चेन्नईच्या राजाजी सालईवरून जाताना बंदराची भिंत दिसली की रामानुजन यांची आठवण होते. १९१२ साली ते येथील पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात कारकून होते. आम्हां कारकुनांना तेवढाच अभिमान. त्यांची प्रज्ञा मात्र आमच्या आवाक्यातली नव्हे. म्हणून मला अधिक जवळचे वाटतात ते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. शिक्षण बी. एस्सी.पर्यंत, विद्यापीठात स्थान नाही. तरी १९४९ साली याच शहरात भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा एक गुण मांडला.

तो गुण असा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या बाकीवर तेच करीत राहावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, मग ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च.

वेतनपत्रकांच्या कामासाठी शिकलेल्या संगणकविद्येचा उपयोग करून मी एका रात्री आज्ञावली लिहिली आणि आरंभीची शून्ये धरून सर्व ९९९० संख्या तपासल्या. सातव्या पायरीच्या आत, किंवा फार तर सातवीवर, प्रत्येक संख्या तेथेच पोहोचली.

हे मी मोठ्या उत्साहाने एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना सांगितले. ते हसून म्हणाले, “अहो, हा संख्येचा गुण कसला? ही लिहिण्याच्या पद्धतीची गंमत. माणसाला आठच बोटे असती, तर?”

आक्षेप जिव्हारी लागला. कारण तो खरा होता. आठाच्या पद्धतीत ३०६५ वरून ६१५२, तेथून ५२४३ आणि पुन्हा ३०६५, असे चक्र अखंड फिरते; ६१७४ सारखे सर्वांचे एक विश्रांतिस्थान तेथे नाही. मग माझ्या इतक्या संध्याकाळी केवळ खेळात गेल्या काय?

पुष्कळ विचारांती मला असे वाटते की, दहा ही निवड आपली, वजाबाकीचा नियमही आपला. परंतु ६१७४ आपले नव्हे. कचेरीतला नियम गैरसोयीचा झाला तर त्याला दुरुस्ती निघते, अपवाद निघतो, क्वचित वरून एक शब्दही पुरतो. कापरेकरांचा नियम मांडून झाल्यावर मात्र त्याचे फळ खुद्द कापरेकरांनाही बदलता आले नसते. आठाचे चक्रही असेच कोणाच्या मर्जीने फिरत नाही. जेथे आपली इच्छा संपते तेथे सत्याचा आरंभ होतो. मग त्याच्या दाराशी आपण खेळत खेळत आलो, म्हणून काय बिघडले?

संगणकाने माझी शंका फेडली, जिज्ञासा नाही. ‘असे होते’ एवढेच त्याने सांगितले. ‘असेच का व्हावे’ हा प्रश्न त्याने माझ्याकडे तसाच परत पाठविला. तो मी निकाली काढलेला नाही. दिवसभर बदलत्या परिपत्रकांच्या आज्ञेत राहणाऱ्या माणसाने सायंकाळी घटकाभर, हुद्दा न विचारणाऱ्या आणि कोणाच्याही मर्जीने न बदलणाऱ्या अशा एखाद्या गोष्टीसमोर बसावे, यात मला मनाचे आरोग्य दिसते. देवळालीच्या मास्तरांनीही शाळा सुटल्यावर याहून निराळे काय केले असेल?