एकच घोट

नाशिकजवळच्या एका छोट्या वायनरीत आम्ही काही धर्मग्रामस्थ गेलो होतो. चव घेण्याच्या खोलीत पेले मांडले गेले. रंग पाहा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा. गिळायचा नसेल तर शेजारच्या भांड्यात टाका, असे आम्हांला समजावले. आमच्यातील एकाने पेल्यावर हात ठेवला. त्याने दारू सोडली आहे, हे ठाऊक असूनही आम्ही म्हणालो, "अरे, एकच घोट! काना गावी प्रभूनेही द्राक्षारस दिलाच ना?" तो हसला, पण हात काढला नाही.

परतताना आम्ही गप्प होतो. द्राक्षारस वाईट नाही. तो वेदीवर अर्पण होतो. तरीही ज्या धर्मगुरूंना मद्य वर्ज्य आहे, त्यांना महागुरूंच्या परवानगीने मिस्सामध्ये आंबणे थांबवलेला द्राक्षांचा रस वापरता येतो. रोमच्या २००३ च्या पत्रात तशी मुभा आहे. ख्रिस्तसभा ज्याला वेदीवर सांभाळून घेते, त्याला आम्ही टेबलाशी आग्रह करावा का?

बंधुभगिनींनो, पुढच्या सणाला कोणी पेल्यावर हात ठेवला, तर दुसऱ्यांदा विचारू नये. सरबत पुढे करावे.