चढणीवरील नेम

प्रामाणिक मनुष्य चुकू शकतो, हे सर्वांस मान्य आहे. परंतु कित्येकदा त्याचा प्रामाणिकपणाच त्याला चुकवितो, असे म्हटले तर पुष्कळांस ते रुचणार नाही. ‘मी माझ्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागलो,’ हे उत्तर ऐकले की आपण वाद थांबवितो. तो तेथे थांबवावा काय? या प्रश्नाचा विचार करताना धनुर्विद्येतील एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी हे दोघे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते ठरले, हे वाचकांस ठाऊक असेलच. या धनुष्यावर नेम धरण्यासाठी भिंगाची एक चौकट असते आणि तिच्यात गवंड्याच्या पाणसळीसारखी एक लहानशी नळी असते. नळीतील बुडबुडा मध्यावर असला की धनुष्य डावीउजवीकडे कललेले नाही, असे समजावयाचे. ही स्पर्धा सपाट मैदानावर, ५० मीटरांवरून होते.

आता असा एखादा धनुर्धर वर्धा नदीकाठच्या सपाट, काळ्या रानातून जिल्ह्याच्या उत्तरेस गारमसूरच्या डोंगराकडे गेला, अशी कल्पना करू. तेथे त्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील. पहिली अंतराची. ३० अंशांच्या चढावर ४० मीटर दूर असलेल्या लक्ष्यासाठी साईट सुमारे ३५ मीटरांवर लावावी लागते. कारण गुरुत्वाकर्षण तिरक्या अंतराचा नव्हे, तर आडव्या अंतराचा हिशेब मागते. उतारावरही हाच नियम. ही चूक वरवरची आहे. बाण लक्ष्याच्या वरून गेला की ती कळते आणि आकडा बदलला की सुटते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. नळी चौकटीत किंचित तिरपी बसली, म्हणजे तिचे एक टोक लक्ष्याकडे व दुसरे धनुर्धराकडे थोडेसे वळले, तर मैदानावर काहीच बिघडत नाही. दोन्ही टोके एकाच पातळीत राहतात. परंतु धनुष्य वर रोखताच लक्ष्याकडचे टोक उचलले जाते, बुडबुडा सरकतो, आणि त्याला मध्यावर आणण्यासाठी धनुर्धर आपले सरळ धनुष्य कलवितो. नळीचा तिरपेपणा २ अंशांचा असला तरी ३० अंशांच्या चढावर धनुष्य एका अंशाहून अधिक कलते व बाण एका बाजूस जातो. उतारावर तोच दोष बाणाला विरुद्ध बाजूस नेतो. बिचारा धनुर्धर दोन दोष शोधीत बसतो. वस्तुतः दोष एकच असतो. शिवाय तो बुडबुड्याशी जितका एकनिष्ठ, तितका त्याचा नेम निश्चितपणे चुकतो.

आपली विवेकबुद्धीही घराने, जातीने, शिक्षणाने आणि पगाराने बसविलेली अशीच एक नळी नव्हे काय? सरळ दिवसांत तिचा तिरपेपणा दिसत नाही. एखादा सभ्य गृहस्थ अधिकारावर चढला की हाताखालच्या माणसांशी कठोर होतो आणि त्यास शिस्त म्हणतो. दिवस फिरले की वरिष्ठांपुढे लवतो आणि त्यास आदर म्हणतो. दोन्ही वेळी त्याचे मन त्याला निर्वाळाच देते. माणसाची किंमत त्याच्या पायरीवरून करण्याचा एकच तिरपेपणा दोन्हींच्या मुळाशी आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

यावर धनुर्धराचा उपाय असा. डोंगरावर जाण्यापूर्वी तो ओळंबा टांगतो, धनुष्य त्याच्या दोरीशी जुळवून धरतो, आणि ते तसेच जुळलेले ठेवून वर व खाली रोखून पाहतो. बुडबुडा हलला तर स्क्रू फिरवून नळी सरळ करतो. म्हणजे पाणसळीची परीक्षा पाणसळीने होत नाही. तीस बाहेरचे प्रमाण लागते, आणि ती परीक्षा कललेल्या स्थितीतच घ्यावी लागते.

मनाचा ओळंबा कोणता? जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे, असे गांधीजींनी म्हटले. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. तरीही रवींद्रनाथांनी हरकत घेतली: सृष्टीतील उत्पातांना नैतिक कारणे चिकटविणे बुद्धीला धरून नाही. माझ्या मते या वादात रवींद्रनाथांचेच म्हणणे खरे होते. गांधीजींनी आपले मत सोडले नाही. मात्र तो आक्षेप त्यांनी स्वतःच्या ‘हरिजन’ पत्रात छापला. पुढे १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. स्क्रू फिरला नाही, पण ओळंबा सर्वांना दिसेल असा टांगला गेला. बहुतेकांच्या हातून एवढेही होत नाही.

कोणी म्हणेल, असे केल्यास मनुष्य दुसऱ्याच्या बुद्धीचा दास होईल. तसे नाही. ओळंबा बाण सोडीत नाही. तो धनुर्धरासच सोडावा लागतो, आणि त्या क्षणी त्याने पाहावयाचे ते आपल्याच बुडबुड्याकडे. परंतु चढ लागण्यापूर्वी, आपल्याशी ज्याचे मत जुळत नाही अशा मित्रापुढे, आणि त्याहूनही आपल्या निर्णयाचे फळ ज्याला भोगावे लागते अशा मनुष्यापुढे, ती नळी एकदा धरून पाहणे हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे. ‘मी मनास स्मरून वागलो’ असे सांगणाऱ्यास, ते मन शेवटी कधी पारखून घेतले होते, एवढे विचारण्याचा अधिकार आपण सोडू नये.