जुनी गाडी

पन्नाशीत म्या पहिल्यांदा मोटारसायकल घेतली, तीही जुनी हिरो होंडा. विकणारा मोर्शीकडचाच. संत्र्याची बाग वाळलेली, पोरीचं लग्न तोंडावर. त्यानं १८ हजार सांगितले. तो अडला हाय हे मले ठाऊक होतं, तरी १४ वर आणलं. त्यानं फॉर्म २९, ३० वर सही केली, टाकीवरून एकदा हात फिरवला आन् किल्ली देली.

घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपलं नाव चढवाचा अर्ज द्यावा लागते. अमरावतीले जायला मले आठ महिने लागले. तोवर सिंभोऱ्याच्या धरणाकडं शिकताना कोणाले धडक बसती, तर पोलीस आधी त्याच्या दारात जाते. तेव्हा हे डोक्यातच आलं नाही.

भाव तर सगळेच करतात. मंग तो बाजारात दिसला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत काहून घालतो?