वरची खुर्ची, हातातली खुर्ची



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या स्वधर्माच्या श्लोकावर. हा श्लोक आपण बहुतेक वेळा करिअर निवडताना आठवतो. पण दोन दिवस माझ्या मनात वेगळाच प्रश्न घोळतोय. एक काम हातात आहे, लोकांनी विश्वासाने दिलेलं. त्याहून मोठं काम समोर दिसतंय, आणि ते मिळालं तर कदाचित जास्त लोकांचं भलं होईल. त्यामागे धावताना हातातलं काम राहून गेलं तर?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये हा प्रश्न दर चार वर्षांनी उभा राहतो. एकूण १०० सिनेटर, प्रत्येक राज्याचे २. त्यातले काही जण राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरतात आणि महिनोन् महिने राज्याराज्यांत प्रचार करत फिरतात. इकडे वॉशिंग्टनमध्ये मतदान चालूच असतं. सभागृहातलं मत दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. प्रॉक्सी नाही, वर्क फ्रॉम होमही नाही.

२००८ सालचं उदाहरण घ्या. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं विधेयक होतं. डॉक्टरांना मिळणाऱ्या मोबदल्यात १० टक्क्यांहून जास्त कपात होणार होती, ती थांबवायची होती. चर्चा संपवून विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात. जूनमध्ये एक मत कमी पडलं. एडवर्ड केनेडी तेव्हा मेंदूच्या ट्यूमरवर उपचार घेत होते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. ९ जुलैला ते अचानक सभागृहात आले आणि मत दिलं. आता ६० होणारच हे दिसल्यावर काही विरोधकांनीही बाजू बदलली. निकाल ६९ विरुद्ध ३०. बेरीज ९९. शंभरावे सिनेटर जॉन मॅकेन, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात होते.

इथे मॅकेन यांना झोडपणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा ९ जुलैला हजर होते खरे, पण प्रचाराच्या काळात त्यांचीही बरीच मतदानं बुडाली होती. शिवाय मॅकेन यांना कर्तव्य शिकवायची गरज नव्हती. व्हिएतनाममध्ये ते पाच वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी होते. लवकर सुटका देऊ केली तेव्हा, आधी पकडले गेलेले आधी सुटू देत, म्हणून त्यांनी ती नाकारली. अशा माणसाचीही खुर्ची रिकामी राहते, म्हणजे प्रश्न एका माणसाच्या चारित्र्यापेक्षा खोल आहे.

‘माझ्या एका मताने काय फरक पडतो?’ असं म्हणता येतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कोणतं मत निर्णायक ठरेल हे आधी कळत नाही. आणि जिथे ६० मतं लागतातच, तिथे गैरहजर राहणं तटस्थ नसतं. परिणाम विरोधी मताइतकाच होतो, फक्त त्यावर आपलं नाव लागत नाही.

दुसरी बाजूही नीट ऐकू या. पदावरच्या माणसाने वरची निवडणूक लढवूच नये, असा नियम केला तर? मग कामाचा अनुभव असलेले बाहेर राहतील आणि ज्यांना कुठे हजेरी लावायची नाही असे श्रीमंतच उभे राहतील. महत्त्वाकांक्षा हे पाप नाही. मला वाटतं, खरा प्रश्न एवढाच आहे: तिची किंमत कोण भरतंय?

मेन राज्याच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, पण मतदान चुकवलं नाही. सभागृहाला सुट्टी असेल तेव्हाच प्रचार केला. उमेदवारी मिळाली नाही. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी सलग २,९४१ मतदानांना हजेरी लावली. १९९६ मध्ये बॉब डोल यांनी उलटा रस्ता धरला. ते सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते होते. प्रचारासाठी त्यांनी थेट राजीनामा दिला. निवडणूकही हरले. दोघांनी किंमत मोजली, ती स्वतःच्या खिशातून. खुर्ची अडवून ठेवायची आणि तिचं कामही करायचं नाही, या तिसऱ्या मार्गात बिल मतदारांच्या नावाने फाटतं. आपण त्यालाही कष्ट म्हणतो, त्याग म्हणतो. पण दुसऱ्याची वस्तू सोडून देण्याला त्याग कसं म्हणायचं?

आपल्या क्षेत्रात हे रोज दिसतं. ऑन-कॉल असताना दुसऱ्या कंपनीची मुलाखत आली, तर जरूर द्या. पण त्या दोन तासांसाठी शिफ्ट कुणाला तरी सांगून सोपवा. सर्व्हर पडल्यावर ताटकळणाऱ्या माणसाला तुमच्या नव्या पॅकेजशी काही देणंघेणं नसतं. सिनेटरला तर शिफ्ट सोपवायचीही सोय नाही. म्हणून त्याच्यापुढे मला स्मिथ आणि डोल यांचे दोनच सरळ रस्ते दिसतात.

याच अध्यायात भगवंत स्वतःबद्दल सांगतात, की त्यांना मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी ते काम सोडत नाहीत. जुलै २०१७ मध्ये मॅकेन यांना मेंदूचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं. शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. काही दिवसांतच ते सिनेटमध्ये परतले आणि २८ जुलैच्या पहाटे, आरोग्य विम्याच्याच प्रश्नावर, स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. २००८ आणि २०१७, माणूस तोच, खुर्ची तीच. फक्त वरची खुर्ची आता नजरेसमोर नव्हती.

आज कामाला बसताना एकदा बघा, आपली नजर कुठल्या खुर्चीवर आहे आणि आपल्या वाटचं बिल कोण भरतंय.