घायाळ माणूस कोणाचा?

कॅरोल रीड यांचा 'ऑड मॅन आउट' हा ब्रिटिश चित्रपट १९४७ साली पडद्यावर आला. त्यात शहराचे नाव घेतलेले नाही. पण ते उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट आहे, हे लपत नाही. जॉनी मॅकक्वीन हा तुरुंगातून पळालेला, एका गुप्त संघटनेचा म्होरक्या. संघटनेसाठी पैसा हवा म्हणून तो गिरणीवर दरोडा घालतो. झटापटीत त्याच्या हातून एक मनुष्य मरतो आणि तो स्वतःही गोळी लागून घायाळ होतो. पुढे मध्यरात्रीपर्यंत, पावसात आणि मग बर्फात, तो शहरभर भटकतो.

पोलिसांच्या पाठलागापेक्षा आम्हांस अधिक अस्वस्थ केले ते वाटेत भेटणाऱ्या माणसांनी. पक्षी विकणाऱ्या शेलला त्याच्या बदल्यात मोबदला हवा. चित्रकार ल्युकीला मरणाऱ्याच्या डोळ्यांतील भाव रंगवायचा आहे. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या टोबरला त्याची जखम हवी. वृद्ध फादर टॉम यांना त्याचा आत्मा हवा. त्यांचे मागणे पवित्र खरे. परंतु तेही मागणेच, आणि त्यासाठी त्यांनाही शेलशी बोलणी करावी लागतात! दोन गृहिणी मात्र काही न मागता त्याची जखम बांधतात. तो कोण हे कळताच त्याही भयभीत होतात.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आम्ही बालपणापासून ऐकत आलो. तेथे वाटेवर पडलेला मनुष्य लुटला गेलेला होता. येथे पडलेला स्वतःच लुटारू आहे. जखम बांधणे हे कर्तव्य, याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यानंतर त्याला लपवावे की पोलिसांच्या हवाली करावे? लपवणे म्हणजे गिरणीत मेलेल्या त्या माणसाला विसरणे होय. आपल्या हातून तो मेला का, हा प्रश्न जॉनीला छळतो. त्या मृताच्या घरी मात्र कॅमेरा आपल्याला नेत नाही. एवढ्या करुण चित्रपटातील ही उणीव आम्हांस मोठी वाटते.

ल्युकीच्या खोलीत, ज्वराच्या भ्रमात, जॉनी संत पौलाची प्रीतीविषयीची वचने उच्चारतो. त्याच्यावर प्रेम करणारी कॅथलीन शेवटी त्याला गाठते. पोलीस जवळ येताच ती त्यांच्या दिशेने गोळ्या झाडते आणि दोघांचाही मृत्यू ओढवून घेते. तिने त्याला फाशीपासून वाचवले, असे कोणी म्हणतील. आमच्या मते पश्चात्तापासाठी उरलेला अवधीही तिने हिरावून घेतला. फादर टॉम तेथे पोचतात तेव्हा बर्फात दोन देह पडलेले असतात.