कालव्याकडून डोंगराकडे

मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली बहुधा पश्चिमेकडे निघतात. रायगड-प्रतापगड, महाबळेश्वरची थंड हवा आणि कोकणचा किनारा ही त्यांची ठरलेली ठिकाणे असून, ती गाठण्यासाठी विद्यार्थी रात्र रात्र बसमध्ये काढतात. मात्र ज्या डोंगराळ पट्ट्याच्या पायथ्याशी त्यांची स्वतःची गावे वसलेली आहेत, त्या पट्ट्यात त्यांतील कित्येकांचे पाऊलही पडलेले नसते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर असलेले सिद्धेश्वर धरण आणि त्याच्या सभोवतीची टेकाडे, विरळ झाडी व माळराने हा अशाच उपेक्षित पट्ट्याचा भाग होय. शनिवार-रविवारच्या सुट्टीत पन्नासएक विद्यार्थ्यांनी एका बसमधून हा मुलूख पाहून यावा, यातून शिक्षणाच्या दृष्टीने काय साधते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

या पट्ट्याचे सौंदर्य सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगा पूर्वेकडे उतरत जाऊन हिंगोली-जिंतूरच्या परिसरात बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्यांत पसरतात आणि त्यांच्या उतारांवर साग, पळस व सीताफळ यांची पानगळीची झाडी आढळते. माथे असे एका पातळीत कापल्यासारखे का दिसतात, याचे उत्तर दख्खनच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्यापासून बेसाल्ट, म्हणजे आपल्याकडचा काळा पाषाण, तयार झाला. या थरांपैकी घट्ट थर ऊन-पावसाला दाद देत नाहीत, तर वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे सच्छिद्र झालेले थर लवकर झिजून मुरूम होतात, आणि म्हणून टेकडीच्या अंगावर पायऱ्या उमटतात. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तेथे हे थर उघडे पडलेले असतात. बस अशा ठिकाणी दहा मिनिटे थांबली आणि विद्यार्थ्यांनी भोकांचा हलका दगड व घट्ट काळा दगड दोन हातांत धरून पाहिला, तर भूगोलाच्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण त्यांच्या हातांना कळते. खालच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन याच पाषाणाची झीज आहे, हे कळल्यावर बरड माळ आणि पिकाऊ शिवार या दोन परक्या वस्तू राहत नाहीत.

सिद्धेश्वरचे खरे महत्त्व पाण्यात आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी आणि परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळणारी ही पूर्णा, विदर्भातून वाहत तापीला मिळणाऱ्या त्याच नावाच्या नदीहून वेगळी आहे. 1968 च्या सुमारास पूर्ण झालेल्या पूर्णा प्रकल्पात या नदीवर दोन धरणे बांधण्यात आली. वरचे येलदरी धरण आज परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात मोडते आणि खालचे सिद्धेश्वर हिंगोली जिल्ह्यात. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत मात्र हा सारा मुलूख एकाच परभणी जिल्ह्याचा होता. येलदरीचा उपयुक्त साठा, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारे पाणी, सुमारे 810 दशलक्ष घनमीटर आहे, तर सिद्धेश्वरचा जेमतेम त्याच्या दशांश भरतो. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच असून, वरून सोडलेले पाणी या संचांतून वीज देऊन खाली येते आणि सिद्धेश्वरच्या जलाशयात पुन्हा अडवले जाऊन तेथून कालव्यांना लागते. वीजनिर्मितीत पाणी खर्च होत नाही, खर्च होते ती त्याची उंची. आणि उंची गमावलेले पाणी शेतापर्यंत आपोआप वाहत जावे यासाठी त्याला पुन्हा एका ठरावीक पातळीवर धरून ठेवावे लागते. सिद्धेश्वरच्या एकूण साठ्यातील मोठा हिस्सा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारापेक्षा खालच्या पातळीवर राहणारे पाणी, असण्याचा अर्थही येथेच लागतो, कारण कालव्याचे दार उंच ठेवले नाही तर दूरच्या शिवारात पाणी चढणार नाही. वर्तमानपत्रात ‘सिद्धेश्वर मृतसाठ्यात’ असा मथळा वाचणारा विद्यार्थी रिकाम्या धरणाचे चित्र मनात उभे करतो. भिंतीवर उभा राहिला की त्याला समोर भरपूर पाणी दिसते आणि तरी कालवा कोरडा दिसतो. हा विरोध डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुरता उलगडत नाही.

या कालव्यांवर परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेती अवलंबून आहे. वसमतच्या ज्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पीक आठ-नऊ महिने शेतात उभे असते आणि पावसाळा सरल्यानंतरच्या पाण्याच्या पाळ्यांवर, म्हणजे ठरलेल्या अंतराने सुटणाऱ्या आवर्तनांवर, त्याची बरीचशी भिस्त असते. लाभक्षेत्र म्हणजे ज्या जमिनीला पाणी मिळते तो टापू आणि बुडीत क्षेत्र म्हणजे जी जमीन पाण्याखाली जाते तो टापू, अशा व्याख्या परीक्षेत एकाखाली एक लिहिल्या जातात. पण एकाच बसमध्ये लाभक्षेत्रातील बागायतदाराचा मुलगा आणि गावठाण उठून दुसरीकडे वसलेल्या घरातील मुलगी शेजारी बसलेली असतील, तर या दोन व्याख्यांमधील नाते त्या दोघांना एकमेकांकडूनच कळू शकते. निसर्गरम्य म्हणून ज्या निळ्या पाण्याची छायाचित्रे काढली जातात, त्याच्या तळाशी कोणाची तरी शेते आहेत, या जाणिवेने दृश्याचे सौंदर्य उणावते असे मानण्याचे कारण नाही. सौंदर्यामुळेच माणूस थांबतो, आणि थांबलेल्या माणसालाच प्रश्न पडतात. म्हणून अभ्यास आणि मौज यांची फारकत करून एकाला सकाळ व दुसरीला संध्याकाळ वाटून देणारी वेळापत्रके मुळातच चुकीची आहेत.

सोबत्यांसह केलेल्या प्रवासातून ज्ञान होते, ही कल्पना या भूमीला नवी नाही. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि ज्ञानदेवांसह त्यांनी केलेल्या यात्रेचे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आढळते. संतमंडळींत कच्चे मडके ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले आणि तेथे शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी त्यांना, जेथे देव नाही अशी जागा दाखवून तेथे माझे पाय ठेव, असे सांगितले, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. तिच्यात शिष्याला घर सोडून जावे लागते, अपेक्षेविरुद्धचे दृश्य पाहावे लागते आणि मगच त्याचे डोळे उघडतात. शैक्षणिक सहलीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. महानुभाव पंथाने तर चक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे घडले त्या जागांची, दिशा व खाणाखुणांसह नोंद करणारी ‘स्थानपोथी’ सिद्ध केली. श्रद्धेपोटी का होईना, पण एखादी जागा तिच्या दिशांसकट अचूक टिपण्याची शिस्त मराठीत सात शतकांपूर्वीच रुजलेली होती.

औंढ्याचे नागनाथ मंदिर ही शिस्त अंगी बाणवण्यास फार उपयोगी आहे. मंदिराच्या खालच्या भागावर काळ्या पाषाणातील दाट कोरीवकाम असून, वरचे बांधकाम नंतरच्या काळातले व निराळ्या घडणीचे आहे, आणि हा सांधा भिंतीजवळ उभे राहिल्यास साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्याची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. विद्यार्थ्यांनी कथा ऐकावी, सांधाही पाहावा आणि दोहोंची नोंद वेगवेगळी करावी. याच औंढा परिसरात गुरुत्वीय लहरींच्या वेधासाठी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांसाठी जमिनीची अत्यंत कमी थरथर असलेली जागा हवी होती. ज्या माळाला आडबाजूचा म्हणून हिणवले जाते, त्याचे शांतपण जगाच्या विज्ञानाला मोलाचे वाटावे, ही गोष्ट त्याच माळाच्या मुलांना तेथे उभे करून सांगण्यासारखी आहे.

सहलीचे साधन म्हणून बसचा विचारही स्वतंत्रपणे व्हायला हवा. महाराष्ट्रात एसटीचा इतिहास 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून सांगितला जातो. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात मात्र 1932 पासूनच निजामाच्या रेल्वे खात्यामार्फत सरकारी बससेवा चालू झाली होती. आज एसटी ‘प्रासंगिक करारा’वर, म्हणजे ठरावीक दिवसांपुरती, गाडी देते. खासगी मोटारींतून चार-चार जणांनी जाणे आणि एका गाडीतून सर्वांनी जाणे यांत अंतराचा फरक नसला तरी सहवासाचा असतो, कारण वर्गात बाकांनुसार पडलेले गट बसच्या लांबच लांब दुपारी विस्कटतात, डबे एकत्र उघडतात आणि ज्याने वर्गात कधी तोंड उघडले नाही तो खिडकीबाहेरचे पीक ओळखून दाखवतो. तरीही ही समता वर्गणीपाशी अडते. जवळच्या सहलीला खर्च कमी येतो, हा तिचा मोठा गुण आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर तिचे जवळ असणेच निर्णायक ठरते. दूरच्या चार रात्रींना नकार देणारे घर शेजारच्या तालुक्यातील एका रात्रीच्या मुक्कामाला, सोबत शिक्षिका असतील तर, संमती देण्याची शक्यता अधिक असते. जी सहल निम्म्या वर्गाला घरी ठेवून निघते तिला वर्गाची सहल म्हणणे योग्य नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 मधील निर्देशानंतर पर्यावरण हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे आखलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात नदी, वन, माळरान किंवा डोंगर यांची प्रत्यक्ष पाहणी समाविष्ट केली. ही पाहणी पुष्कळदा झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होते. जुन्या फाइलवरून नवी उतरवली जाते, तीत ॲमेझॉनच्या जंगलाची चित्रे चिकटवली जातात आणि दारावरून वाहणाऱ्या कालव्याचा उल्लेखही नसतो. दोष विद्यार्थ्यांच्या आळसापेक्षा जवळच्या गोष्टीला अभ्यासाचा मान न देणाऱ्या व्यवस्थेकडे अधिक जातो.

म्हणून सिद्धेश्वरची सहल धरणापासून सुरू न करता वसमतकडील कालव्याच्या टोकापासून सुरू करावी, जेथे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते आणि कधी कधी मुळीच पोहोचत नाही. तेथील शेतकऱ्याला पाळी केव्हा येते हे विचारून बसने प्रवाहाच्या उलट दिशेने निघावे, शनिवारी औंढ्याला मुक्काम करावा, रविवारी सकाळी सिद्धेश्वरची भिंत व दुपारी येलदरीचे वीजघर रीतसर परवानगी काढून पाहावे. पहिली खेप भाद्रपदात, जलाशय भरत असताना झाली असेल, तर त्याच विद्यार्थ्यांनी दुसरी खेप वैशाखात करावी, त्याच जागी उभे राहून पाण्याची पातळी किती उतरली याची नोंद घ्यावी आणि परतीच्या वाटेवर कालव्याच्या टोकाच्या त्याच शेतकऱ्याला ती दाखवावी.