व्यथेच्या चित्रावर हक्क कोणाचा?

जी व्यथा ओठांवर येत नाही, ती पुष्कळदा रंगांतून वाट काढते. १९३८ साली क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात असताना अ‍ॅड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने हे स्वतः अनुभवले. या उपचाराला 'आर्ट थेरपी' हे नावही त्यांनीच १९४२ मध्ये दिले. परंतु आम्हांला अधिक विचारात पाडतात ते एडवर्ड अ‍ॅडमसन. १९४६ पासून इंग्लंडमधील नेदर्न मनोरुग्णालयात ते रुग्णांना रंग व कागद देत. डॉक्टर ती चित्रे अभ्यासत. अ‍ॅडमसन मात्र ना शिकवीत, ना अर्थ लावीत. ते नुसते जवळ असत.

या मौनात आम्हांला मोठा आदर दिसतो. अर्थ लावणारा कितीही हितचिंतक असो, नकळत तो दुसऱ्याच्या दुःखाचा मालक होऊ पाहतो. घरातले मूल काळे घर रंगवते आणि आपण लगेच विचारतो, "काळेच का रे?" (बहुधा बाकीचे खडू संपलेले असतात.)

याच अ‍ॅडमसन यांनी रुग्णांची हजारो चित्रे जपली, प्रदर्शनांत मांडली. मनोरुग्णांविषयी समाजाची दृष्टी त्यामुळे बदलेल, असा त्यांचा विश्वास होता. हेतू उदात्त खरा. तरीही ज्याने कोणाला दाखविण्यासाठी नव्हे, तर केवळ तगून राहण्यासाठी रंगविले, त्याची संमती कोणी घ्यावी आणि केव्हा? आजारात दिलेला होकार बरे झाल्यावर पुन्हा विचारून घ्यावा. आणि तो नाही म्हणाला, तर चित्र गुंडाळून त्याच्या हाती द्यावे, असे आमचे मत आहे.